सांडलेलं दूध, टांगलेलं झाड



१९५२ साल. अमेरिकेत, न्यू यॉर्क राज्यातलं वॉटरटाउन नावाचं गाव. तिथे दुधाची गाडी चालवणारा एक माणूस ज्युलियस सेमान नावाच्या रसायनतज्ज्ञाकडे गाऱ्हाणं सांगत होता. गाडीत दूध सांडतं, ते नासतं आणि त्या वासानं जीव नकोसा होतो. सेमान मूळचे जर्मनीचे, ज्यू. देश सोडून आलेले. कॅनडाच्या जंगलांत त्यांनी सूचीपर्णी झाडांच्या सुगंधी तेलांचा अभ्यास केला होता. त्यांनी शोषून घेणारा जाडसर कागद झाडाच्या आकारात कापला, सुगंधी तेलात भिजवला आणि दोरा बांधून टांगायला दिला. गाडीच्या आरशाला लटकणारं ते छोटं झाड असं जन्माला आलं. निदान त्या कंपनीची जन्मकथा म्हणून तरी हीच गोष्ट सांगितली जाते.

गोष्ट छान आहे. पण त्यात एक गोम आहे, ती माझ्यातल्या मास्तरणीला लगेच टोचते. दुधाचं काय झालं? दूध होतं तिथेच राहिलं! झाड टांगलं म्हणून सांडलेलं दूध कमी झालं नाही. वास गेला नाही, नुसता झाकला गेला.

वास झाकणं वेगळं आणि वास काढणं वेगळं. मराठी शाळेत इतिहास शिकवता शिकवता केस पांढरे झाले, पण या साध्या फरकामागे केवढा इतिहास दडलेला आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं. तेही एका गाडीमुळे. ती गोष्ट पुढे येईलच.

आधी हा प्रश्न जन्मला कधी ते पाहू. बैलगाडीत कालवण सांडलं तर कोण विचार करणार? तट्ट्या धुतला, उन्हात टाकला, झालं. सुरुवातीच्या मोटारीही बहुतेक उघड्याच होत्या. १९१९ साली अमेरिकेत तयार होणाऱ्या दर दहा मोटारींत जेमतेम एक बंद असे. पुढच्या दहा वर्षांत हे प्रमाण अगदी उलटं झालं. माणसाला ऊन-पावसापासून आसरा मिळाला आणि वासाला घर मिळालं. १९३९ साली पॅकार्ड कंपनीनं थंड हवेचं यंत्र बसवलेली मोटार लोकांपुढे आणली. मग काचा खाली करायचंही कारण उरलं नाही.

आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) पहिली एसटी निघाली. लाकडी सांगाडा, काथ्याच्या बैठका, वर कापडी छत. त्यानंतरच्या एसट्यांतून कोकणातली माणसं काय काय घेऊन गेली असतील! सुकट, बोंबील, फणस, आंब्याच्या पेट्या, कुळथाचं पीठ. खिडक्या सताड उघड्या असत आणि वास घाटातल्या वाऱ्याबरोबर निघून जाई. जुन्या फियाटमध्येही बैठका रेक्झिनच्या, ओल्या फडक्यानं पुसल्या की चकचकीत. (रेक्झिन हे खरं तर इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या एका कारखान्याचं नाव. आपण ते सगळ्याच नकली चामड्याला देऊन टाकलं.) १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, हळूहळू मध्यमवर्गाच्या दारात गाडी आली, मग एसी आला आणि कापडी गाद्या आल्या. त्या गाद्यांच्या पोटात फोम आला. फोम म्हणजे शेवटी स्पंजच. वरून पुसलं तरी आत मुरलेलं तिथेच. वर मे महिन्यात उन्हात उभी केलेली बंद गाडी म्हणजे भट्टीच. आत जे काही मुरलं असेल ते तापून नाकाशी येतं.

आता ती गाडीची गोष्ट. माझा भाचा पुण्याला असतो. दापोलीला आला की परत जाताना मी त्याला हर्णै बंदरावरची मासळी आणि बांगड्याचं कालवण डब्यातून देतेच. एकदा ताम्हिणीच्या वळणांवर डब्याचं झाकण निसटलं आणि कालवण मागच्या सीटवर! पुण्यात त्यानं गाडी धुणाऱ्या एका दुकानात पैसे मोजून आतून फेस लावून घेतला, वर अत्तराचा फवारा. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी दुपारी गाडी उघडली तर गुलाब आणि बांगडा, दोघेही हजर! पुढच्या खेपेला निघताना तो म्हणाला, "आत्या, या वेळी मासे नकोत गं. गाडीला वास लागतो."

वाक्य साधंच होतं. पण मला लागलं. भावाच्या घरी माहेरची चव पोचायची ती अशीच, डब्यातून. गाडीच्या सीटसाठी ती बंद व्हावी? मी ठरवलं, हा वास जातो कसा ते शोधून काढायचंच.

मग लक्षात आलं की उत्तर घरातच होतं. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. मासे साफ केल्यावर हाताला पिळलेल्या लिंबाची साल चोळायच्या, नाहीतर चिंचेचा कोळ. माशांचं ताट आधी आंबटानं घासायचं आणि मग राखेनं, हा त्यांचा दंडक. साबण शेवटी. कारण विचारलं तर म्हणत, "आंबटाला मासा भितो."

रसायनशास्त्र वेगळ्या भाषेत तेच सांगतं. समुद्रातल्या माशांच्या अंगात एक निर्गंध द्रव्य असतं. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात आणि मासळीचा तो ओळखीचा वास मुख्यतः याच द्रव्याचा. ते आम्लारीधर्मी आहे. (आमच्या वेळी 'अल्क' म्हणत.) त्याला आम्ल भेटलं की दोघांचा मिळून क्षार होतो आणि क्षार हवेत उडत नाही. उडत नाही म्हणजे नाकापर्यंत पोचत नाही. साबण मात्र स्वतःच अल्कधर्मी, त्यानं हा वास उलट मोकळा सुटतो. कालवणात कोकम किंवा चिंच पडते ती केवळ चवीसाठी नाही, हे आता उलगडलं ना?

म्हणजे पहिला धडा असा की वासाची प्रकृती ओळखायची आणि त्याच्या उलट प्रकृतीचं औषध द्यायचं.

दुधाची प्रकृती बरोबर उलटी. दूध नासतं तेव्हा आम्लं तयार होतात. लोणी खवट झाल्यावर जो वास येतो तो ब्युटिरिक आम्लाचा. हे आम्ल शोधून काढलं शेव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञानं, स्निग्ध पदार्थांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १८२३ सालचा. साबण नेमका होतो कसा हेही जगाला त्यानंच समजावलं. हा गृहस्थ १७८६ साली जन्मला आणि १८८९ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी गेला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी तो लहान मुलगा होता आणि आयफेल टॉवर उभा राहिला तेव्हाही हयात होता! असो. मुद्दा असा की आम्लाच्या वासाला अल्क हवा, म्हणजे खाण्याचा सोडा. १९७२ साली अमेरिकेत एका सोडा कंपनीनं 'डबा उघडून फ्रिजमध्ये ठेवा, वास जाईल' अशी जाहिरात केली आणि घरोघरी फ्रिजमध्ये सोडा जाऊन बसला. नासक्या दुधाला सोडा चांगला. माशाला मात्र तो आधी लावला तर काम बिघडतं.

पण या सोड्याचा स्वतःचा इतिहास फार सुवासिक नाही. पूर्वी कपडे धुण्याचा आणि काच-साबण करण्याचा सोडा वनस्पतींच्या राखेतून मिळे. आपल्याकडे साजीखार, पापडखार होतेच. फ्रान्सला तो कमी पडू लागला तेव्हा १७७५ साली तिथल्या विज्ञान अकादमीनं मिठापासून सोडा करून दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. निकोला लब्लाँ यानं ती रीत शोधली आणि १७९१ साली पेटंट घेतलं. पाठोपाठ क्रांतीची धामधूम उसळली, त्याचा आश्रयदाता गिलोटिनवर गेला, कारखाना जप्त झाला, बक्षीस मिळालंच नाही. १८०६ साली त्यानं आत्महत्या केली.

त्याची रीत मात्र इंग्लंडमध्ये फोफावली. त्या कारखान्यांच्या धुराड्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघे, आसपासची झाडं करपून जात. कारखान्यामागे टाकलेल्या गाळाच्या ढिगांतून नासक्या अंड्यांची दुर्गंधी सुटे. शेवटी १८६३ साली ब्रिटिश संसदेला कायदा करावा लागला की या वाफेतला ९५ टक्के भाग कारखान्यानं आतच शोषून घेतला पाहिजे. बेल्जियमच्या सॉल्व्हे बंधूंची स्वच्छ रीत १८६०च्या दशकात आली तेव्हा कुठे हळूहळू सुटका झाली. आपल्याकडे टाटांनी १९३९ साली सौराष्ट्रात मिठापूरला कारखाना काढला.

विचार करा. एकाचं कापड शुभ्र व्हावं म्हणून दुसऱ्याच्या दारातली झाडं करपत होती. वास गेला नव्हता, त्याचा पत्ता बदलला होता!

तिसरा प्रकार डागाचा आणि आपल्याकडे डाग म्हटला की हळद. कालवणातली हळद गादीला लागली की भल्याभल्यांची तारांबळ उडते. साबण लावला तर डाग पिवळ्याचा लालच होतो आणि माणूस आणखी घाबरतो. घाबरू नका. हळदीला चुना, सोडा, साबण असं काहीही अल्कधर्मी लागलं की ती लाल होते. युरोपातले रसायनशास्त्रज्ञ हळदीत बुडवलेला कागद अल्क ओळखायला वापरत. शाळेत लिटमस संपला की आमचे विज्ञानाचे सरही तोच करत. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आधी तेल काढायचं. उरलेल्या पिवळेपणावर एकच खरा इलाज, ऊन. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. हळदी समारंभातली साडी दोन-तीनदा धुऊन उन्हात वाळली की पिवळेपणा कसा ओसरतो, ते घरोघरी ठाऊक आहे.

ऊन हे जगातलं सर्वांत जुनं विरंजक. हॉलंडमध्ये हार्लेम गावाबाहेर कापड महिनोन्महिने गवतावर पसरलेलं असे. राखेचं पाणी, मग आंबट ताक, मग ऊन, पुन्हा तेच. शेले या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७७४ साली क्लोरीन शोधला, १७८५ साली बर्थोले या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्यानं कापड पांढरं करून दाखवलं आणि १७९९ साली ग्लासगोच्या टेनंटनं ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. महिन्यांचं काम दिवसांवर आलं. पण याच क्लोरीनचा ढग २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या रणभूमीवर सोडण्यात आला आणि हजारो सैनिक गुदमरले.

त्या विषारी वायूवरचा उतारा पुन्हा आपल्या चुलीजवळ येतो. कोळसा! कोळशाच्या अंगाला असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात आणि वायूंचे कण त्यांत चिकटून बसतात. हे शेलेनं १७७३ सालीच पाहिलं होतं. युद्धात १९१५ साली रशियाच्या झेलिन्स्कीनं खास प्रक्रिया केलेल्या कोळशाचा मुखवटा तयार केला. पुढे अमेरिकेत सैनिकांच्या मुखवट्यांसाठी लोकांकडून पीचच्या आठळ्या आणि अक्रोडाची कवचं गोळा केली गेली. उत्तम कोळसा ठरला तो नारळाच्या करवंटीचा. आज गाडीत ठेवायला कोळशाच्या पुरचुंड्या मिळतात, त्यांत पुष्कळदा हाच करवंटीचा कोळसा असतो. आपण कोकणातली माणसं करवंटी बंबात घालतो!

आणि शेवटचा उपाय, विकरांचा. कोरड्या पडलेल्या दुधाचे, अंड्याचे, मांसाचे डाग प्रथिनांचे असतात. ती प्रथिनं तोडणारी विकरं कपड्यांसाठी वापरण्याचं पेटंट जर्मनीच्या ओटो रोएमनं १९१३ साली घेतलं. त्याआधी तो चामड्याच्या धंद्यात होता. कातडं मऊ करायला तिथे शतकानुशतकं कुत्र्याची आणि कबुतरांची विष्ठा वापरत. रोएमनं शोधून काढलं की काम करतात ती त्यातली पाचक विकरं. मग ती त्यानं कत्तलखान्यातल्या जनावरांच्या स्वादुपिंडातून काढली. म्हणजे आजच्या डाग घालवणाऱ्या पावडरीचं मूळ कुठे, तर कातडं कमावण्याच्या कुंडात! पुढे १९६०च्या दशकात जिवाणूंपासून विकरं काढू लागले. पण त्यांची धूळ कारखान्यातल्या कामगारांच्या फुफ्फुसांत जाऊन दमा होतो, असं १९६९ साली इंग्लंडमध्ये निदर्शनास आलं. तेव्हा कुठे विकरांच्या कणांवर वेष्टण चढवायला सुरुवात झाली.

हे सगळं वाचताना मला आपल्या गावांचा नकाशा आठवत राहिला. कातडं कमावणारे गावकुसाबाहेर. कपडे धुणारा परीट दारात, पण उंबऱ्याबाहेर. मासळीची पाटी घेऊन येणारी बाई दिसली की पदर नाकाला. आपल्या पायात चप्पल हवी, अंगावर धुवट हवं, ताटात मासा हवा, पण त्याचा वास तेवढा दुसऱ्याच्या अंगाला लागावा, ही आपली रीत. आणि ज्याच्या अंगाला तो लागला त्याला आपण हलका ठरवलं. आरशाला टांगलेलं झाड निदान कुणाला गावाबाहेर काढत नाही. आपण काढलं.

आता शास्त्र आणि सासूबाई या दोघांच्या मतानं मी भाच्याला फोनवर जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. सांडलं की आधी टिपून घ्या. घासू नका, घासलं की ते आत जातं. पाणी गार घ्या. गरम पाण्यानं दुधाची, अंड्याची प्रथिनं आवळून कापडाला धरून बसतात. तेलकट असेल तर भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब पाण्यात घालून ओल्या फडक्यानं टिपा आणि साबण पुन्हा पाण्यानं टिपून काढा. मासळी असेल तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून त्यानं टिपा. आधी कोपऱ्यात लावून पाहा, रंग जात नाही ना. दूध असेल तर जागा सुकल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूमनं ओढून घ्या. सोडा आणि व्हिनेगर एकाच वेळी मिसळू नका, दोघं एकमेकांतच संपतात. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल कधीही घालू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तोच तो ईप्रचा! बंद गाडीत तर जिवावर बेतेल.

मग सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वाळवणं. फोम आतून वाळेपर्यंत दारं उघडी टाकून गाडी उन्हात. दुकानदाराचं चुकलं ते इथेच. त्यानं फेस लावला, वर अत्तर मारलं, पण आतलं ओल तसंच ठेवलं. एसीची जाळीही बदलून घ्या, वास तिथेही बसतो. शेवटी कोळशाची पुरचुंडी सीटखाली ठेवा. आणि वास गेला का हे स्वतःच्या नाकाला विचारू नका, नाकाला सवय होते. शेजाऱ्याला बसवून विचारा.

भाच्यानं दोन रविवार खर्ची घातले. पहिल्या रविवारी निम्मा वास गेला. दुसऱ्या रविवारी व्हिनेगर पुन्हा, मग दिवसभर ऊन. हळदीचा डाग पंधरा दिवसांत फिका झाला, नीट पाहिलं तर अजून दिसतो म्हणे. दिसू दे. त्याची सहा वर्षांची लेक त्या डागाला 'आजीचा नकाशा' म्हणते.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा समुद्रात जातील. मी या वेळी घट्ट फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा आणून ठेवला आहे, वर रबराची कडी आहे. तुमच्यापैकी जे कुणी दापोलीवरून जाणार असतील त्यांनी आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे संध्याकाळी हर्णैच्या लिलावाला जाता येईल. गाडी कुणाचीही असो, डबा रिकामा जाणार नाही.